आईच्या फोनवर ‘वॉकिंग स्टेडिनेस: लो’ अशी सूचना आली, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात: आई ७४ वर्षांची आहे, साताऱ्याला एकटी राहते. मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. मी बंगळूरला असतो. दिवाळीत माझा जुना आयफोन तिला दिला. आता त्यावर ‘वॉकिंग स्टेडिनेस लो’ (चालण्याची स्थिरता कमी) अशी सूचना आली आहे. आई म्हणते, “मला काही झालेलं नाही, रोज देवळात चालत जाते.” या सूचनेवर किती भरवसा ठेवायचा? दुसरं चांगलं ॲप आहे का? आणि इतक्या लांबून आईचा पडण्याचा धोका मी कसा तपासू?

उत्तर: सूचना खोटी समजून पुसून टाकू नका. पण आधी फोन तपासा आणि मग आईला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात आणि हल्ली त्यांच्या मुलांच्या हातात असा स्क्रीनशॉट असतोच.

तुम्ही आईला स्वतःचा जुना फोन दिलाय हे वाचल्याबरोबर मला पहिली शंका आली ती उंचीची. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये माणसाची जन्मतारीख, उंची, वजन भरलेलं असतं, आणि पावलाची लांबी नि चालण्याचा वेग काढताना फोन त्या उंचीचा आधार घेतो. फोन रीसेट न करता दिला असेल, किंवा अजून तुमच्याच ॲपल अकाउंटवर (आधीचं नाव ॲपल आयडी) चालत असेल, तर मुलाच्या मापानं आईची चाल मोजली जातेय. वर तुमची जुनी चाल आणि आईची नवी चाल एकाच आलेखात बसलीय. फोनच्या हिशेबी एक धडधाकट माणूस दिवाळीनंतर अचानक हळू चालायला लागला! तेव्हा आईच्या नावाचं वेगळं अकाउंट करा आणि तिची आजची उंची भरा, भिंतीला टाचा टेकवून मोजलेली. लग्नाच्या वेळी सांगितलेल्या उंचीपेक्षा ती कमीच भरेल. दीड-दोन इंचांनी कमी भरली तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण हाडं विरळ होऊन मणके दबल्याचं ते लक्षण असू शकतं.

दुसरी शंका, फोन अंगावर असतो का? ही मोजणी फोन कमरेजवळ, खिशात वगैरे असेल तरच नीट होते. साडीला खिसा नसतो. देवळात जाताना फोन पिशवीत जातो, नाहीतर हातात. घरातल्या गाऊनला मात्र खिसा असतो. म्हणजे फोनला आईची जी चाल दिसते ती बहुतेक स्वयंपाकघर ते हॉल, हॉल ते गॅलरी अशी, चार पावलं आणि वळण, चार पावलं आणि वळण. रस्त्यावरची सरळ, सलग चाल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आईला कमरेला बांधायचा पातळ कापडी पाऊच शिवून घ्यायला सांगा. देवळात जाताना फोन त्यात, घट्ट, हलणार नाही असा. दोन-तीन आठवडे असं झालं की मग जे आकडे येतील ते बघण्यासारखे.

आता हे यंत्र नेमकं काय करतं ते सांगते, म्हणजे त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरवता येईल. फोनमध्ये हालचालीचा वेग किती बदलला हे टिपणारा ॲक्सेलरोमीटर असतो आणि वळणं, कलणं टिपणारा जायरोस्कोप. टाच जमिनीला टेकली की धक्का कमरेपर्यंत जातो, तो सेन्सरला कळतो. या धक्क्यांच्या लयीवरून चालण्याचा वेग, पावलाची लांबी, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर किती वेळ टेकलेले असतात आणि डाव्या-उजव्या पावलांत किती फरक आहे, असे चार आकडे निघतात. २०२० साली आयओएस १४ मध्ये ते आले. पुढच्या वर्षी आयओएस १५ मध्ये चालण्याच्या स्थिरतेची ओके, लो, व्हेरी लो अशी प्रतवारी आली. ‘लो’चा अर्थ एवढाच की पुढच्या बारा महिन्यांत पडण्याची शक्यता, ‘ओके’ असलेल्या माणसापेक्षा जास्त आहे. फोनला आजार कळत नाही. आणि ही प्रतवारी अमेरिकेतल्या, आयफोन वापरणाऱ्या लोकांच्या चालण्यावरून बेतलेली आहे. घरात अनवाणी, बाहेर चप्पल, अंगावर सहावारी आणि समोर साताऱ्याचा चढ अशी चाल त्या माहितीत फारशी नसणार. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्यांसाठी तर मी हे आकडे बाजूलाच ठेवते.

मग उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे. आम्ही दवाखान्यात माणसाला दहा मिनिटं चालताना बघतो, आणि समोर फिजिओ असला की सगळे ताठ चालतात. फोन रोजची चाल बघतो. आईची तुलना दुसऱ्या कुणाशी न करता तिच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या चालण्याशी केली, तर वेग हळूहळू उतरतोय का, दोन्ही पाय टेकण्याचा वेळ वाढतोय का, हे दिसतं. एका दिवसाच्या आकड्याला मी किंमत देत नाही. गुडघा दुखला, पाऊस झाला, उपास होता, आकडा घसरतो. सहा-आठ आठवडे सलग उतार दिसला तर मात्र माणूस तपासायलाच हवा, मग आई काहीही म्हणो.

“मला काही झालेलं नाही” यावर अर्थातच थांबू नका. पण “पडलीस का गं?” असं विचारलंत तर उत्तर “नाही”च येईल. बायका सांगतात, “पडले नाही हो, नुसता तोल गेला, ओट्याला धरलं.” माझ्या हिशेबी तेही पडण्यातच जमा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या ‘स्टेडी’ कार्यक्रमात तीन प्रश्न आहेत, आणि कुठल्याही ॲपच्या आधी मी तेच विचारते: गेल्या वर्षभरात पडलात का, उभं राहताना किंवा चालताना अस्थिर वाटतं का, पडण्याची भीती वाटते का. पहिल्या प्रश्नात घसरणं, गुडघ्यावर बसणं, भिंतीला धडकणं हे सगळं मुद्दाम घालून विचारा. तिसरा प्रश्न लोक हलका समजतात, पण भीती वाटली की माणूस बाहेर जाणं कमी करतो, त्यानं पाय आणखी कमजोर होतात आणि भीती खरी ठरते. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर “हो” आलं तर पुढच्या चाचण्या करायच्याच.

या चाचण्यांसाठी तुमच्या फोनमधलं सगळ्यात कामाचं ॲप म्हणजे कॅमेरा, आणि त्याच्या जोडीला स्टॉपवॉच. गंमत नाही करत. आईजवळ शेजारच्या काकू, भाची, कुणीतरी एक जण उभं असलं पाहिजे, हाताच्या अंतरावर. ही अट मोडायची नाही. तुम्ही व्हिडिओ कॉलवर असा, पण चित्रण तिथल्याच एखाद्या फोननं वेगळं करून ठेवा, कारण कॉलमध्ये चित्र अडकतं आणि सेकंद चुकतात.

पहिली चाचणी उठून चालण्याची. हातांची खुर्ची घ्या, प्लास्टिकची असेल तर भिंतीला टेकवून. खुर्चीपासून तीन मीटरवर फरशीवर खडूनं रेघ. आईनं टेकून बसायचं, “चला” म्हटलं की उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीची चप्पल, नेहमीचा चष्मा. एकदा सरावाला, एकदा मोजायला. माँट्रियलमधल्या पॉडसियाड्लो आणि रिचर्डसन यांनी १९९१ मध्ये ही चाचणी सेकंदांत मोजायला सुरुवात केली, आणि आज बाजारातली निम्मी ॲप्स याच चाचणीला रंगीत कपडे चढवतात. ‘स्टेडी’च्या निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असं धरतात. पडणं टाळण्याबद्दलच्या २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा १५ सेकंदांच्या वर आहे, आणि त्याहीपेक्षा त्यांचा भर चालण्याच्या वेगावर आहे: सेकंदाला ०.८ मीटर किंवा कमी असेल तर सावध. म्हणजे चार मीटर सरळ चालायला पाच सेकंद किंवा त्याहून जास्त. तीन मीटरच्या रेघेपुढे आणखी एक मीटर मोजून ठेवलात की हेही त्याच जागेत होतं.

पण सेकंदांपेक्षा व्हिडिओत मी दुसऱ्याच गोष्टी शोधते. उठताना हातांनी रेटा दिला का? पहिल्या झटक्यात उठता आलं का, की दोन-तीनदा पुढे झुकावं लागलं? रेघेवर वळायला किती पावलं लागली? तरुण माणूस दोन-तीन पावलांत वळतो. सहा-सात छोटी पावलं टाकत, मान-पाठ-कंबर सगळं एकदम फिरवत कुणी वळलं, तर पार्किन्सन्सची शंका मनात ठेवून मी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवते. दोन्ही हात सारखे हलतात का? जाताना टेबलाला, भिंतीला हळूच हात लागतो का? आणि बसताना अलगद बसते, की धपकन अंग टाकते? धपकन बसणं म्हणजे मांड्या कमजोर, यात ११ सेकंद आणि १३ सेकंद असा वाद घालण्यात अर्थ नाही. व्हिडिओ बाजूनं काढा, पूर्ण अंग आणि पावलं दिसतील असा. साडी घोट्याच्या थोडी वर खोचायला सांगा.

दुसरी चाचणी ३० सेकंदांत खुर्चीवरून उठ-बस. हात छातीवर घडी घालून. पूर्ण उभं राहिलं तरच एक मोजायचं. हात टेकावे लागले तर गुण शून्य. ७० ते ७९ वयाच्या बायकांना दहापेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली. गुडघे फार दुखत असतील तर हा आकडा ताकदीचा नसून दुखण्याचा येतो, हे ध्यानात ठेवा.

तिसरी तोलाची, ओट्याजवळ उभं राहून. पावलं जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, शेवटी एका पायावर, प्रत्येकी १० सेकंद. टाचेला अंगठा लावून १० सेकंद उभं राहता येत नसेल तर धोका वाढलेला आहे.

एवढं झाल्यावर एक जोड मी नेहमी देते. तीच तीन मीटरची चाल, पण चालताना मराठी महिने उलटे म्हणायचे: फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष… काही जण म्हणता म्हणता चालायचेच थांबतात. बोलायला लागलं की पाय थांबणारी वृद्ध माणसं पुढे जास्त पडतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं. घरात पडणं असंच तर होतं. कुकरची शिट्टी, दारावरची बेल आणि हातात फोन, तिन्ही एकदम.

आता ॲपचा प्रश्न. नाव घेऊन शिफारस करणं मी टाळते, कारण ॲप्स बदलतात, बंद पडतात, नाहीतर एका अपडेटनंतर पैसे मागायला लागतात. निवडताना दोन-तीन गोष्टी बघा. कोणती चाचणी घेतोय हे ॲप नावानिशी सांगतं का? नुसता लाल-पिवळा-हिरवा गोळा दाखवणारं ॲप नको, सेकंद आणि मोजणी दिसली पाहिजे, म्हणजे ती डॉक्टरांनाही वाचता येते. निकालाच्या शेवटी कॅल्शियमच्या डब्याची जाहिरात असेल तर काढून टाका. आणि आईचे व्हिडिओ नेमके कुठे जातात हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नकोच. कॅमेऱ्यातून सांधे ओळखून चाल मोजणारी ॲप्स दिसायला चकाचक असतात, पण निऱ्यांखाली गुडघा कुठे आहे याचा त्यांना अंदाजच बांधावा लागतो. सलवार किंवा पायजम्यावर ती बरी चालतात. जागतिक आरोग्य संघटनेचं आयकोप हँडबुक ॲप मोफत आहे. ते मुख्यतः आरोग्य कर्मचारी आणि काळजी घेणाऱ्यांसाठी आहे, पण हालचालीसोबत स्मृती, पोषण, दृष्टी, श्रवण, मनःस्थिती हे सगळं विचारतं. त्यातली हालचालीची पहिली चाचणी साधी आहे: हात न टेकता पाच वेळा उठ-बस १४ सेकंदांत होते का.

आणि आता ज्या गोष्टी कुठलंच चालण्याचं ॲप मोजत नाही, त्यांवर मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या आईला मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. उठून चालायची चाचणी दहा सेकंदांच्या आत, फोनवर ‘ओके’, तरी दोनदा पडले. दोन्ही वेळा पहाटे, लघवीला उठल्यावर. झोपलेले असताना आणि उभं राहिल्यावर बीपी मोजलं तेव्हा उलगडा झाला. हे तुमच्याकडे करता येईल. आईनं पाच मिनिटं आडवं पडायचं, बीपी मोजायचं, उभं राहायचं, एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतः बंद करू नका, पण “वेळ किंवा मात्रा बदलता येईल का?” हे जरूर विचारा. झोपेची गोळी चालू असेल तर तीही सांगा. बऱ्याच घरांत ती वर्षानुवर्षं सवयीनं चालू असते आणि औषधांच्या यादीत कुणी लिहीतच नाही.

मधुमेहासाठी दोन प्रश्न. चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं होतं का? आणि बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो का? “हो” असेल तर तळपायाची संवेदना कमी झाली असण्याची शक्यता मोठी. अशी माणसं उजेडात, डोळ्यांच्या भरवशावर छान चालतात, चाचणीत पासही होतात आणि रात्री दिवे गेले की पडतात. तळपायांची तपासणी आणि बी-१२ ची रक्तचाचणी डॉक्टरांकडून करून घ्या. आई शाकाहारी असेल आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कडे खास लक्ष, दोन्हींमुळे ते कमी पडू शकतं. मोतीबिंदू तपासून किती दिवस झाले तेही विचारा.

घराची पाहणी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत होते. आईला फोन हातात धरून चालायला लावू नका, काकूंना धरू दे. पलंगापासून संडासापर्यंतची वाट, रात्री असते तशी, दिवे बंद करून बघा. मोरीतली ओली फरशी, दारातलं सरकणारं पायपुसणं, उंबरा, माळ्यावरचा डबा काढायला ठेवलेलं स्टूल. संडासात आणि न्हाणीघरात भिंतीला धरायचे दांडे लावून घ्या, टॉवेलच्या दांडीवर माणसाचं वजन पेलत नाही. रात्रीचा एक छोटा दिवा कायम चालू.

तपासण्या करून आकडे जमा झाले आणि पुढे काहीच केलं नाही, असं मी फार बघते. मुलगा दर रविवारी आईचा आलेख बघतो आणि आई दर रविवारी ऐकते की ती हळू चालते. त्यानं काही होत नाही, उलट तिला पाळत ठेवल्यासारखं वाटतं आणि ती फोन घरी ठेवून जायला लागते. पडणं कमी करण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात) व्यायामानं पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, आणि त्यात तोल आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम मुख्य. नुसतं चालणं त्याला पुरत नाही. रोज देवळात जाणाऱ्या आईला हे पटवणं अवघड आहे, मान्य. ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, बाजूला पावलं टाकणं, टाचेला अंगठा लावून चालणं, हे आठवड्यातून तीनदा तरी. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टनं समोर बसून बसवून द्यायला हवं, कारण कुणाला कुठल्या पायरीवर सुरू करायचं ते बीपी, गुडघे आणि तळपाय बघून ठरतं. साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट सहज मिळतील, घरी येणारेही. भेटीला चार गोष्टी घेऊन जा: बाजूनं काढलेला व्हिडिओ, झोपून-उभं राहून मोजलेलं बीपी, सगळ्या गोळ्यांची यादी आणि फोनवरचा तीन महिन्यांचा आलेख, उंची दुरुस्त केल्यानंतरचा.

चाचण्या पुन्हा करायच्या त्या महिन्यातून एकदा, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी, त्याच चपलेत. एक-दीड सेकंद इकडेतिकडे झाला तर सोडून द्या. तोलाची चाचणी आधी जमत होती आणि आता जमत नाही, किंवा उठताना नव्यानं हात टेकावा लागतोय, हे बदल कळवायचे. महिना संपायची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्यायचं ते अशा वेळी: पडताना शुद्ध हरपली, डोक्याला मार लागला (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर किरकोळ मार असला तरी), एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा वाटतोय, किंवा काही दिवसांतच चाल एकदम बिघडली.

जाता जाता घड्याळाबद्दल, कारण पुढचा प्रश्न बहुधा तोच असेल. पडल्यावर ओळखून मदतीला फोन लावणारं घड्याळ वेगळी गोष्ट आहे. ते धोका मोजत नाही, पडून झाल्यावर कामाला येतं. एकट्या राहणाऱ्या आईसाठी मी ते घ्या म्हणेन, पण एका अटीवर: न्हाणीघरात जातानाही ते मनगटावर राहिलं पाहिजे, आणि चार्जिंगची वेळ दुपारी, शेजारी घरात असताना. त्यातल्या आपत्कालीन संपर्कांत तुमच्या बंगळूरच्या नंबराआधी शेजारच्या काकूंचा नंबर टाका, आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा.